मक्याच्या मुलुखांतील पारख

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे समुद्र, पर्वत, राजवाडे आणि देवालयें हीं त्यांत यावयाचींच. आमच्या आजच्या लेखांत ह्यांपैकीं कांहींच नाहीं. जेथें कोसच्या कोस मक्यावांचून दुसरें कांहीं दृष्टीस पडत नाहीं, अशा एका सपाट मुलुखांत आम्हीं तीन आठवडे काढले आणि तेथें एका सतरा वर्षांच्या मुलाची परीक्षा पाहिली. परीक्षा शाळेची नव्हे, खेळाची; परंतु तिनें आम्हांस आमच्याच घरांतील एका जुन्या परीक्षेची आठवण करून दिली, आणि ती आठवण सुखाची नव्हती. तीच हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

2024 च्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां आमच्या पुतणीकडे अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत गेलों. शिकागोस विमानांतून उतरल्यावर मोटारीनें पश्चिमेची वाट धरावी लागते. सुमारें साडेतीनशें किलोमीटरांचा तो रस्ता. मध्यें मिसिसिपी नदी आडवी येते. लहानपणीं भूगोलाच्या पुस्तकांत जिचें नांव घोकलें ती ही नदी, म्हणून आम्हीं जांवईबापूंस मोटार सावकाश चालविण्यास सांगितलें. पण पुलावर थांबण्याची मुभा नसल्यामुळें तें रुंद, संथ, मातकट पात्र पाहतां पाहतां मागें पडलें. नदी ओलांडली कीं आयोवा. तेथून पुढें दोन्ही हातांस नुसता मका. मक्याच्या उत्पन्नांत सर्व संस्थानांत आयोवाचा क्रमांक बहुधा पहिला असतो. ऑक्टोबरांत पीक वाळून पिंगट झालेलें असतें आणि कापणीचीं अजस्र यंत्रें रात्रींसुद्धां दिवे लावून शेतांतून फिरत असतात. दुरून पाहणाऱ्यास काळ्या समुद्रांत गलबतें चाललीं आहेत असा भास होतो.

आयोवा सिटी हें गांव आयोवा नदीच्या कांठीं वसलें आहे. 1857 पर्यंत संस्थानची राजधानी येथेंच होती. ती डे मॉइन येथें हलविली, तेव्हां जुनें राजधानीभवन विद्यापीठास मिळालें. त्याचा सोनेरी घुमट अजूनही गांवाच्या मध्यभागीं चमकतो. 1936 मध्यें ह्या विद्यापीठांत लेखनकला शिकविणारा वर्ग निघाला आणि 1967 मध्यें देशोदेशींच्या लेखकांस आमंत्रण देणारा दुसरा उपक्रम सुरू झाला. आपले कवि दिलीप चित्रे ह्या दुसऱ्या उपक्रमाच्या निमित्तानें येथें येऊन राहिले होते. 2008 मध्यें युनेस्कोनें ह्या गांवास साहित्यनगरी ठरविलें. एवढें वाचून आम्ही पुस्तकांचीं दुकानें धुंडाळण्याच्या तयारीनें गेलों होतों. पाहतों तों दुकानांच्या कांचांवर, मोटारींवर, इतकेंच काय पण तान्ह्या मुलांच्या टोपड्यांवरही काळा आणि सोनेरी रंग आणि ससाण्याचें चित्र! तो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा वेष, असें कळलें. साहित्यनगरींत साहित्याचा असा एकही झेंडा आम्हांस दिसला नाहीं.

पुतणीचें बिऱ्हाड गांवाबाहेर, मोटारीनें वीस मिनिटांच्या अंतरावर, एका खेड्यांत आहे. शेजारचें कुटुंब शेतकऱ्याचें. तीन पिढ्या एकाच आवारांत राहतात, हें ऐकून आमच्या सौभाग्यवतीस मोठें समाधान वाटलें. घरांतील आजोबा पूर्वीं हायस्कुलांत शिक्षक होते व मुलांस फुटबॉलही शिकवीत. त्यांचा नातू बारावींत होता. आम्ही आलों त्याच दिवशीं हा मुलगा आमच्या दोन जड पेट्या दोन हातांत उचलून जिना चढून गेला आणि वर जाऊन, "आणखी कांहीं आहे काय?" म्हणून नम्रपणें विचारूं लागला. पुतणीच्या दहा वर्षांच्या चिरंजीवाचें तर तो दैवतच. आमच्या ह्या नातवानें आम्हांस बजावलें, "आजोबा, शुक्रवारीं दादाचा सामना आहे. एक लक्षांत ठेवा. चेंडूकडे पाहूं नका."

चेंडूचा खेळ पाहावयास जावयाचें आणि चेंडूकडे पाहावयाचें नाहीं, ह्याचा अर्थ आम्हांस लागेना. तो लागावा म्हणून खेळाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ह्यास फुटबॉल म्हणतात खरें, पण पायाचा चेंडूशीं संबंध फार थोडा. मैदान 100 यार्ड लांब. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें. तेवढें साधलें तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधलें तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू फेंकणारा, झेलणारा आणि तो घेऊन पळणारा ह्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत येतात. परंतु चेंडूच्या रेषेवर पांच धिप्पाड गडी ओणवे होऊन बसलेले असतात. मधला तो सेंटर. तो दोन पायांमधून चेंडू मागें देतो. त्याच्या दोन्ही अंगांस गार्ड आणि त्यांच्या पलीकडे टॅकल. ह्या पांचांस ऑफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. कधीं भिंत होऊन फेंकणाऱ्याचें रक्षण करावयाचें, कधीं समोरच्यास रेटून पळणाऱ्यास वाट करून द्यावयाची, हें त्यांचें काम. ह्यांच्या अंगावर 50 ते 79 यांमधील अंक असतो, आणि पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याची त्यांस सामान्यतः परवानगी नसते. क्रिकेटच्या कोष्टकांत ज्याच्या नांवापुढें ना धावा, ना बळी, ना झेल, असा खेळाडू कल्पावा, म्हणजे लाइनमन कोण हें वाचकांच्या ध्यानांत येईल. त्याचा अंक पुकारला जातो तो बहुधा त्याच्या हातून आगळीक घडल्यावरच.

आतां, ज्याच्या नांवावर आंकडाच नाहीं त्याची योग्यता ठरवावयाची कशी? शेजारच्या घरांत त्या शरद ऋतूंत हाच प्रश्न सर्वांच्या मनांत घोळत होता. विद्यापीठांचे संघ हायस्कुलांतून मुलें निवडतात, आणि निवडलेल्यांपैकीं पुष्कळांचा शिक्षणाचा सारा खर्च विद्यापीठ उचलतें. तिकडे तो खर्च किती भारी असतो हें आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें तेथें शिकलीं त्यांस ठाऊकच आहे. डिसेंबरांत करारांवर सह्या व्हावयाच्या होत्या, आणि ह्या मुलास एकाही मोठ्या विद्यापीठाचें बोलावणें आलेलें नव्हतें. हायस्कुलांत हा खेळ खेळणारीं मुलें देशांत दहा लाखांवर आहेत; त्यांतील शेंकडा सुमारें सात मुलें पुढें कोणत्या तरी महाविद्यालयाच्या संघांत शिरतात, आणि पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांत तर शेंकडा तीनच. शिवाय अलीकडे एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाण्याची मोकळीक वाढल्यामुळें, कोंवळ्या मुलास चार वर्षें घडविण्यापेक्षां तयार झालेला बाविशींतील गडी उचलणें पुष्कळ संघांस सोईचें वाटूं लागलें आहे.

शुक्रवारीं संध्याकाळीं आम्ही सर्व मंडळी लोंकरीचीं पांघरुणें घेऊन मैदानावर गेलों. सामना सातला, आजोबा सहालाच येऊन बसले होते. बसले तेही मधोमध नव्हे, तर मैदानाच्या अगदीं टोकास, जेथून चेंडू किती पुढें गेला हें नीट कळतही नाहीं. आम्हीं कारण विचारतां ते म्हणाले, "बाजूनें पाहिलें तर पांचही जण एकावर एक दिसतात. टोकाहून पाहिलें तर प्रत्येकाचे पाय वेगळे दिसतात." त्यांच्या मांडीवर एक जुनी वही होती.

सामन्यापूर्वीं मुलें अंग मोकळें करीत होतीं, तेव्हांच त्यांची परीक्षा सुरू झाली. मुलगा खालीं बसतो तेव्हां टांचा उचलतात काय? उचलल्या तर घोटा ताठर आहे असें समजावें. वांकतो तो कंबरेंतून कीं खुब्यांतून आणि गुडघ्यांतून? कंबरेंतून वांकणाऱ्याचें डोकें पुढें जातें, तोल जातो, आणि चतुर प्रतिस्पर्धी त्यास खालीं ओढतो. खुब्यांतून बसणाऱ्याची पाठ सपाट राहते आणि जोर जमिनींतून वर येतो. दोघे सारख्या वजनाचे भिडले तर जो खालून भिडतो तो वरच्यास उचलतो, हा ह्या विद्येचा पहिला सिद्धांत.

हें ऐकत असतां आम्हांस आमचें आजोळ आठवलें. कोल्हापुरास मामांच्या घरासमोर तालीम होती. नवा पोरगा आला म्हणजे वस्ताद त्याची छाती पाहत नसत, मनगट दाबून पाहत, बैठक मारावयास लावीत आणि मग म्हणत, "उद्यां बापाला घेऊन ये." बाप कशास, हें आम्हांस तेव्हां उमगलें नव्हतें. आजोबांनीं तें त्या रात्रीं उलगडून दाखविलें. "घर बांधून पुरें झालें आहे, कीं अजून मजला चढावयाचा आहे, हें मला पाहावयाचें असतें. बापाचे खांदे आणि आईची उंची पाहिली म्हणजे अंदाज येतो." आम्हीं तालमीची गोष्ट सांगतांच ते खुलले. आयोवा हें कुस्तीचेंही माहेरघर. 1972 च्या म्यूनिक ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविणारे डॅन गेबल ह्याच संस्थानचे. पुढें 1976 पासून 1997 पर्यंत त्यांनीं आयोवा विद्यापीठांत वस्तादी केली आणि राष्ट्रीय अजिंक्यपद 15 वेळां आणलें. आम्हींही कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव व 1952 मधील त्यांचें हेलसिंकीचें कांस्यपदक ह्यांची हकीकत सांगितली. फुटबॉलचा लाइनमन हिवाळ्यांत कुस्ती खेळतो आणि वसंतांत गोळा फेंकतो हें कळलें, तर निवड करणारे संतुष्ट होतात. कारण कुस्तीनें तोल आणि चिवटपणा येतो, व गोळाफेंकीनें खुब्याचा जोर एका क्षणांत मोकळा करण्याची संवय लागते.

सामना सुरू झाला. आम्ही कटाक्षानें चेंडूकडे न पाहतां 64 अंकाच्या त्या मुलाकडे पाहूं लागलों. पहिल्या दहा मिनिटांत आम्हांस धक्काबुक्कीशिवाय कांहींही समजलें नाहीं. मग आजोबांनीं एकेक गोष्ट दाखविली. पहिलें पाऊल किती लांब पडतें पाहा. तें वीतभरच पडलें पाहिजे, लांब टाकलें तर एक पाय हवेंत असतांनाच गांठ पडते. हात कोठें बसतात पाहा. प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आंतून बसले तर बरें, बाहेरून कवळ पडली तर पंच दहा यार्डांचा दंड करतात. भिडल्यावर पाय थांबतात कीं चालूच राहतात? आणि चेंडू दूर निघून गेल्यावर, कोणीही पाहत नसतां, शिट्टी होईपर्यंत हा आपलें काम करतो काय? ही शेवटली गोष्ट ते दर वेळीं वहींत टिपीत होते.

दुसऱ्या प्रहरांत समोरच्या गड्यानें बाहेरून जाण्याची हूल दिली आणि तो आंतून निसटला. आमच्या मुलाचे हात रितेच राहिले; चेंडू फेंकणारा मागें सपशेल आडवा झाला. आमच्या नातवानें डोळे झांकले. मुलाची आई पुढच्या बांकावर होती, तिनें मान खालीं घातली. आजोबांनीं वहींत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "आतां पाहा. खरी परीक्षा आतां आहे." पुढच्या डावांत तोच गडी पुन्हां त्याच हुलीनें आला. ह्या वेळीं मुलानें घाई केली नाहीं; पाय जमिनीस ठेवून थांबला, दोन्ही हात आंतून बसविले आणि त्यास रेटीत रेटीत सहा-सात यार्ड नेऊन पालथा घातला. आजोबांनीं दुसरी रेघ ओढली. तीही पहिलीइतकीच लांब! आम्हीं हंसून म्हटलें, "आपण त्याचे आजोबा, पहिली गाळली असती तरी चालण्याजोगें होतें." त्यांनीं वही मिटली. "मी गाळीन, पण समोरचा पुढच्या वर्षींचा गडी गाळणार नाहीं. मग त्यानें कोणावर विश्वास ठेवावा?"

दुसऱ्या दिवशीं जांवईबापूंनीं आम्हांस विद्यापीठाचा सामना दाखविला. प्रतिपक्ष नॉर्थवेस्टर्न. 1929 मध्यें बांधलेलें, सुमारें 69,000 प्रेक्षकांचें किनिक क्रीडांगण दुपारीं तुडुंब भरलें होतें. नाइल किनिक हा ह्याच विद्यापीठाचा खेळाडू. 1939 चें हाइझमन पारितोषिक त्यास मिळालें, आणि 1943 मध्यें नौदलाच्या विमानाच्या सरावांत, पंचविशीही गांठण्यापूर्वीं, तो समुद्रांत बुडाला. 1972 पासून क्रीडांगणास त्याचें नांव आहे. लगतच विद्यापीठाचें मुलांचें रुग्णालय उभें आहे. पहिला प्रहर संपतांच खेळ थांबला आणि ते हजारों लोक, दोन्ही संघांचे गडी आणि पंचसुद्धां, त्या इमारतीकडे वळून हात हालवूं लागले. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आजारी मुलें उत्तरादाखल हात हालवीत होतीं. 2017 पासून हा प्रघात पडला आहे. आमच्या सौभाग्यवतीस अश्रु आवरेनात, आणि खरें सांगावयाचें तर आमचीही तीच स्थिति झाली.

रविवारीं संध्याकाळीं शेजाऱ्यांनीं आम्हां सर्वांस जेवावयास बोलाविलें. आमच्या शाकाहाराची त्यांनीं आस्थेनें सोय केली होती. जेवण आटोपल्यावर तेंच टेबल परीक्षेचें टेबल झालें. एका बाजूस सामन्यांच्या चित्रफितींचें यंत्र, दुसऱ्या बाजूस आजोबांची वही आणि शिंप्याची असते तशी मापाची फीत. विद्यापीठाचे लोक प्रथम चित्रफितीच पाहतात. परंतु चित्रफींत एक लबाडी असते. घरचे लोक चांगले चांगले तुकडे जोडून पाठवितात. शिवाय लहान गांवच्या शाळेंत 260 पौंडांचा मुलगा 180 पौंडांच्या मुलास लोळवितो, त्यावरून काय सिद्ध होणार? म्हणून आजोबांनीं बरोबरीच्या गड्यासमोरचे सामने निवडून ते अथपासून इतिपर्यंत, चुकांसह, पाठविण्याचा आग्रह धरला.

मग माप झालें. बूट काढून उंची 6 फूट अडीच इंच. वजन 262 पौंड. पण तें पोटावर नसून मांड्यांत आणि नितंबांत, म्हणजे वाढावयास जागा असलेलें. तळहात मोठा. शेवटीं हाताची लांबी, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत: सव्वाबत्तीस इंच. आजोबांनीं दोनदां मापली. टेबलाभोवतीं कोणी बोललें नाहीं. आम्हांस ह्या इंचाचें महत्त्व कळेना, तेव्हां मुलानेंच उठून आम्हांस समजाविलें. त्यानें आपले आणि आमच्या जांवईबापूंचे हात समोरासमोर धरविले. ज्याचा हात लांब त्याचा पंजा दुसऱ्याच्या छातीस आधीं लागतो, आणि आधीं लागला तो मालक झाला. टॅकल रांगेच्या टोकास असतो. त्याच्यासमोर रांगेंतील सर्वांत चपळ गडी मोकळ्या जागेंतून धांवत येतो, म्हणून धंदेवाईक संघ टॅकलचा हात तेहेतीस-चौतीस इंच मागतात, आणि मोठीं विद्यापीठेंही तशाच नजरेनें पाहतात. आजोबा म्हणाले, "टॅकल म्हणून तुला मोठें विद्यापीठ घेणार नाहीं. हें मी आज सांगितलें नाहीं तर दुसरा कोणी दोन वर्षांनीं सांगेल. परंतु आंतल्या जागीं दोन्ही बाजूंस सोबती असतात, जागा अरुंद असते. तेथें लांब हातावांचून भागतें, पाय आणि डोकें मात्र लागतें. तूं सेंटर हो."

मुलाचा चेहरा उतरला. टॅकल होण्याचें स्वप्न त्यानें आठवीपासून पाहिलें होतें. तेव्हां आजोबांनीं त्यास पारख करणाऱ्यांच्या चुकांच्या कथा सांगितल्या, आणि त्या आम्हांस मोठ्या उद्बोधक वाटल्या. कांहीं मुलें आंधळ्यासही दिसतात. ओहायोंतील सॅन्डस्की गांवचा ऑर्लँडो पेस हा तसा होता. 1997 च्या धंदेवाईक निवडींत त्याचें नांव सर्वांत प्रथम पुकारलें गेलें. परंतु ब्रँडन शर्फ हा आयोवांतील डेनिसन गांवचा मुलगा हायस्कुलांत कांहीं काळ चेंडू फेंकणारा होता आणि टेनिसही खेळे. विद्यापीठानें त्यास लाइनमन केलें, आणि 2014 मध्यें देशांतील उत्कृष्ट रांगेच्या गड्यास मिळणारें आउटलँड पारितोषिक त्यानें पटकाविलें. सोलन गांवचा टायलर लिंडरबॉम संरक्षणाच्या बाजूनें खेळावयास म्हणून विद्यापीठांत आला. त्यास सेंटर केलें, आणि 2021 मध्यें तो देशांतील सर्वोत्तम सेंटर ठरला. सर्वांत नवलाची गोष्ट जेसन केल्सीची. ओहायोंतील हायस्कुलांतून निघतांना तो लाइनमन नव्हताच. सिनसिनाटी विद्यापीठांत शिष्यवृत्तीवांचून शिरला. 2011 च्या धंदेवाईक निवडींत 190 जणांमागून त्याचें नांव आलें. अंगानें लहान म्हणून हिणविला गेलेला हा सेंटर फिलाडेल्फियाच्या संघांत तेरा हंगाम खेळून 2024 मध्यें मोठ्या मानानें निवृत्त झाला. "ह्यांना पाहणारे लोक मूर्ख नव्हते," आजोबा म्हणाले. "त्यांनीं झालेला मुलगा पाहिला, होणारा पाहिला नाहीं. होणारा दिसतो तो पायांत, आणि चुकीनंतरच्या डावांत."

एवढ्यांत मुलाची आई, जी इतका वेळ ताटें आवरीत होती, ती येऊन बसली आणि म्हणाली, "आणि डोकें? त्याचें माप कोण घेतो?" तिच्या बोलण्याचा रोख आम्हांस जांवईबापूंनीं समजाविला. पिट्सबर्गच्या संघाचे नांवाजलेले सेंटर माइक वेब्स्टर 2002 मध्यें वारले, तेव्हां त्यांचा मेंदू तपासणाऱ्या डॉक्टर बेनेट ओमालू यांस वारंवार बसलेल्या आघातांच्या खुणा आढळल्या. 2005 मध्यें तें संशोधन प्रसिद्ध झालें आणि देशांत खळबळ उडाली. लाइनमनचें डोकें दर डावांत थोडें थोडें आदळतें. एकही टोला मोठा नसतो, पण ते शेंकड्यांनीं असतात. ह्यावर आजोबांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यांनीं एवढेंच म्हटलें कीं, हात आधीं लावावयास शिकलेल्या मुलाचें डोकें कमी आदळतें. आईनें त्यांस आणखी छेडलें नाहीं. पण मुलाकडून एक वचन घेतलें, कीं डोकें दुखलें, अंधारी आली, तर तें लपवावयाचें नाहीं, मग सामना कितीही महत्त्वाचा असो. आमच्या सौभाग्यवतीनें तिचा हात आपल्या हातांत घेतला. दोघींची भाषा निराळी होती, पण त्या क्षणीं दुभाष्याची गरज पडली नाहीं.

शाळेच्या गुणांचा कागदही टेबलावर आला. पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांतून खेळावयाचें तर हायस्कुलांतील 16 मुख्य अभ्यासक्रम पुरे करून त्यांत चारपैकीं सरासरी 2.3 तरी गुण लागतात. मुलाचे ह्याहून पुष्कळ अधिक होते, विशेषतः गणितांत. सेंटरलाच समोरची मांडणी पाहून चौघांस इशारा द्यावा लागतो, म्हणून हा कागदही निवड करणारे वाचतात, हें ऐकून आम्हांस बरें वाटलें.

मंगळवारीं एका मोठ्या विद्यापीठाचा दूरध्वनि आला. शिष्यवृत्ति नाहीं; परंतु स्वतःच्या खर्चानें येऊन संघांत सराव करावा, पुढें पाहूं. 2024 मध्यें मोठ्या विद्यापीठास फुटबॉलसाठीं जास्तींत जास्त 85 शिष्यवृत्त्या देतां येत. त्यांपलीकडचीं मुलें अशींच स्वखर्चानें येत. 2025 पासून तो नियम जाऊन संघाची संख्याच 105 वर बांधली गेली, त्यामुळें अशा मुलांस जागा आणखी थोड्या उरल्या. त्याच आठवड्यांत शेजारच्या संस्थानांतील एका लहान महाविद्यालयानें सेंटर म्हणून अर्धी शिष्यवृत्ति देऊं केली. त्यांनीं म्हणे चुकांसह पाठविलेली चित्रफीतच पसंत केली होती.

त्या रविवारीं रात्रीं आम्हांस झोंप आली नव्हती. आमचें कुटुंब एकत्र. थोरल्या बंधूंचा मधला मुलगा शालान्त परीक्षेस गणितांत दोनदां नापास झाला. वर्तमानपत्रांत निकाल आला तेव्हां आम्हीं तो सर्वांदेखत वाचला आणि म्हणालों, "ह्याच्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं." त्याच मुलानें त्या उन्हाळ्यांत विहिरीवरचा बंद पडलेला पंप सबंध सोडवून, तीन दिवस खपून, पुन्हां चालू केला होता. आम्हीं त्या पंपाचें पाणी प्यालों. पण त्याचे हात पाहिले नाहींत. आमच्यापाशीं एकच रकाना होता, आणि त्यांत त्याच्या नांवापुढें आंकडा नव्हता. पुढें त्यानें पुण्याजवळ यंत्रांचे सुटे भाग करण्याचा कारखाना काढला. सणावारीं येतो, वांकून नमस्कार करतो. परंतु आमच्यासमोर बसत नाहीं. त्या वहींतील दोन सारख्या रेघा आठवल्या म्हणजे आम्हांस लाज वाटे. आजोबांनीं नातवास कटु गोष्ट सांगितली खरी, पण सांगण्यापूर्वीं त्यांनीं त्याचे पाय तासन् तास पाहिले होते, आणि एक दार बंद करतांना दुसरें दाखविलें होतें. आम्हीं दारच लाविलें होतें.

पाडव्याच्या दिवशीं पुतणीकडे ओवाळणें झालें. शेजारची मंडळी आलीं होतीं. चकली त्यांस फार आवडली, आणि मुलानें करंज्या किती खाल्ल्या ह्याची मोजदाद आमच्या नातवानेंही सोडून दिली. त्यानें लहान महाविद्यालयाचें बोलावणें स्वीकारण्याचें ठरविलें होतें. शेतकीच्या यंत्रांचें शिक्षण तेथें मिळतें, हेंही एक कारण. पहिलें वर्ष बहुधा सामना खेळावयास मिळणार नाहीं, नुसतें खावयाचें, उचलावयाचें आणि शिकावयाचें, असें तो आनंदानें सांगत होता. तो चांगला सेंटर होईल काय? आजोबांस विचारलें तेव्हां त्यांनीं वही उघडली नाहीं. "तीन वर्षांनीं विचारा," म्हणाले.

रात्रीं सर्व निजल्यावर, म्हणजे इकडे सकाळ झाली असतां, आम्हीं पुण्यास पुतण्यास दूरध्वनि केला. सण असूनही तो कारखान्यांत होता. मागें यंत्राची घरघर चालू होती. त्यानें आधीं आमच्या प्रकृतीची चौकशी केली, मग काकूंची. आम्हीं म्हटलें, "अरे, त्या वर्षीं विहिरीवरचा पंप तूं कसा दुरुस्त केला होतास, तें आम्हीं तुला कधीं विचारलेंच नाहीं. आणि त्या दिवशीं जें बोललों, तें न पाहतां बोललों." पलीकडून कांहीं वेळ शब्द आला नाहीं. मग त्यानें कोणास तरी हांक मारून सांगितलें, आणि यंत्र थांबल्याचें आम्हांस ऐकूं आलें.

"सांगतों, काका," तो म्हणाला, "पण जरा लांबण लागेल. वेळ आहे ना तुम्हांला?"